निवडणुकीच्या दिवसांत अमेरिकन मीडिया डावीकडे झुकतो का, आणि झुकला तर मतं फिरतात का?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो, नाहीतर मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत बसायचो. तुम्ही न्यू जर्सीत नवीन आहात, ऑफिसात एक सहकारी म्हणतो की इथला सगळा मीडिया डेमोक्रॅट्सना विकला गेलाय आणि निवडणूक आली की उघड प्रचार करतो, दुसरा म्हणतो हे रिपब्लिकनांचं जुनं रडगाणं आहे, हरले की मीडिया आणि जिंकले की जनता. तुम्हाला जाणून घ्यायचंय की यातलं खरं कोण बोलतोय, मतांवर याचा खरंच परिणाम होतो का, आणि मग वाचायचं काय.

मी आधी तिकडे मराठी दैनिकात सब-एडिटर होतो, नंतर बरीच वर्षं इथे एका प्रादेशिक इंग्रजी पेपरच्या कॉपी डेस्कवर काम केलं. माझा स्वतःचा कल उजवीकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो, पुढचं वाचताना तेवढं वजा करून घ्या.

पहिली गोष्ट, ‘विकला गेलाय’ हा शब्द आपल्या मराठी डोक्यात वेगळंच चित्र उभं करतो. २००९ च्या विधानसभेच्या वेळचं पेड न्यूजचं प्रकरण आठवत असेल, वेगवेगळ्या पेपरांत तोच मजकूर शब्दन्‌शब्द छापून आला होता, उमेदवारांना ‘पॅकेज’ विकली जायची, पुढे २०१० ला प्रेस कौन्सिलनेही त्यावर अहवाल केला. असा रोकडा व्यवहार इथल्या मोठ्या वर्तमानपत्रांत चालतो असं मला तरी कधी दिसलं नाही. संध्याकाळी डेस्कवर बसलो असताना कुठल्या पक्षाचा फोन आला आणि बातमी बदलली असंही झालं नाही. तेव्हा तुमच्या पहिल्या सहकाऱ्याचं म्हणणं या अर्थाने चूक आहे. पण म्हणून दुसऱ्याचं बरोबर ठरत नाही.

कारण झुकायला पैसे लागत नाहीत, खोलीत कोण बसलंय यावर सगळं ठरतं. सिरॅक्यूज विद्यापीठाने २०२२ मध्ये अमेरिकन पत्रकारांचा सर्व्हे केला त्यात स्वतःला रिपब्लिकन म्हणवणारे ३.४ टक्के निघाले आणि डेमोक्रॅट ३६.४ टक्के, उरलेले बहुतेक ‘स्वतंत्र’. २०१३ मध्ये रिपब्लिकन निदान ७.१ टक्के तरी होते. आता अशा खोलीत संध्याकाळच्या मीटिंगला कोणी कट करत नाही हो, सगळी सभ्य, मेहनती माणसं असतात, पण ‘ही बातमी आहे’ आणि ‘ही काय बातमी आहे’ हे ज्या पोटातल्या अंदाजाने ठरतं तो अंदाज सगळ्यांचा एकसारखाच असतो. गर्भपातविरोधी मोर्चाला किती जागा द्यायची, बंदुकीवरच्या बातमीत कोणाला कोट करायचं, चर्चला जाणाऱ्या माणसाचं वर्णन करताना कुठलं विशेषण आपोआप हाताला येतं, इथे ते दिसतं. समोर बसलेला एकही माणूस ‘अरे थांब, माझ्या भावाला हे असं नाही वाटत’ असं म्हणणारा नसला की चूक चूक वाटतच नाही.

डेस्कवरचा एक नमुना सांगतो, आम्ही उजवीकडचे दोनचार जण त्यावर हसायचो. रिपब्लिकन उमेदवार काही वेडंवाकडं बोलला की मथळा असतो ‘अमुक असं बोलला’. डेमोक्रॅट उमेदवार बोलला की मथळा होतो ‘अमुकच्या वक्तव्यावर रिपब्लिकन तुटून पडले’. दोन्ही मथळे खरे आहेत, एकही शब्द खोटा नाही, पण दुसऱ्या मथळ्यात मूळ वक्तव्य मागे गेलं आणि विरोधकांचा आक्रस्ताळेपणा ही बातमी झाली. हे पुढच्या निवडणुकीत मुद्दाम मोजून बघा, सापडेल.

आता ‘मीडिया’ म्हणजे कोण यावर उत्तर अवलंबून आहे हे मान्य करायला हवं. न्यूयॉर्क टाइम्स, वॉशिंग्टन पोस्ट, तीन मोठी नेटवर्क्स (एबीसी, सीबीएस, एनबीसी), सीएनएन, एनपीआर यांच्याबद्दल मी बोलतोय. फॉक्स १९९६ पासून आहे आणि केबलवर वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर आहे, टॉक रेडिओ जवळपास सगळा उजवा, सिंक्लेअरसारख्या कंपनीकडे गावोगावची टीव्ही स्टेशनं आहेत आणि २०१८ मध्ये त्यांच्या डझनावारी अँकरांनी तेच लिहून दिलेलं निवेदन जसंच्या तसं वाचलं होतं तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. म्हणजे उजव्यांकडे मीडिया नाहीच असं रडणं बंद करायला हवं. फरक इतकाच की फॉक्स बघणाऱ्याला माहीत असतं तो काय बघतोय, आणि मोठी दैनिकं मात्र आपण मधोमध उभे आहोत असं सांगत राहतात. माझी तक्रार त्या सांगण्याबद्दल आहे. टाइम्सच्या स्वतःच्या पब्लिक एडिटरने, म्हणजे वाचकांच्या वतीने पेपरवरच लक्ष ठेवणाऱ्या संपादकाने, २००४ मध्ये सामाजिक मुद्द्यांवर पेपर लिबरल आहे हे छापून कबूल केलं होतं. पुढे २०१७ ला त्यांनी पब्लिक एडिटर हे पदच बंद केलं.

तुम्ही निवडणुकीच्या दिवसांबद्दल विचारलंय म्हणून एका प्रकरणावर जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळं त्यात दिसतं. १४ ऑक्टोबर २०२०, मतदानाला तीन आठवडे. न्यूयॉर्क पोस्टने जो बायडन यांचा मुलगा हंटर याच्या लॅपटॉपमधल्या ईमेलची बातमी छापली. माल कुठून आला तर विल्मिंग्टनमधल्या एका कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानातून, आणि मधे हात कोणाचा तर ट्रम्प यांचे वकील रूडी जुलियानींचा. असा माल माझ्या डेस्कवर आला असता तर मीही दहा प्रश्न विचारले असते, आणि दुसऱ्या पेपरांनी लगेच उचलला नाही याबद्दल मी त्यांना अजिबात दोष देत नाही. चार वर्षांपूर्वी २०१६ ला हॅक केलेल्या ईमेल्सनी सगळ्यांचे हात पोळले होते, सावधपणा समजू शकतो.

पण पुढे जे झालं ते सावधपणात बसत नाही. ट्विटरने त्या बातमीची लिंकच शेअर करू दिली नाही आणि पोस्टचं अकाउंट जवळपास दोन आठवडे लॉक ठेवलं, फेसबुकने बातमीचा प्रसार कमी केला. १९ ऑक्टोबरला गुप्तचर खात्यांतल्या ५१ माजी अधिकाऱ्यांचं पत्र आलं. त्या पत्रात त्यांनी स्वतःच लिहिलं होतं की रशियाचा हात असल्याचा पुरावा आमच्याकडे नाही, फक्त या सगळ्याला रशियन कारवाईची लक्षणं दिसतात. पॉलिटिकोने मथळा काय दिला तर हंटर बायडनची स्टोरी ही रशियन डिसइन्फो, म्हणजे मुद्दाम पेरलेली खोटी माहिती, आहे असं माजी अधिकारी म्हणतात. डेस्कवर काम केलेल्या माणसाला इथे लगेच खटकतं, पत्रातलं जे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं होतं, पुरावा नाही हे, तेच मथळ्यात गळलं. आणि तीन दिवसांनी नॅशव्हिलच्या डिबेटमध्ये बायडन यांनी त्याच पत्राचा हवाला दिला, कोट्यवधी लोकांसमोर.

मग मार्च २०२२ मध्ये टाइम्सने आणि पाठोपाठ वॉशिंग्टन पोस्टने लिहिलं की त्यातल्या ईमेल्स तपासल्या, खऱ्या आहेत (वॉशिंग्टन पोस्टने बराचसा डेटा तपासता आला नाही हेही लिहिलं, ते बरोबरच केलं). जून २०२४ ला हंटरच्या बंदुकीच्या खटल्यात सरकारी वकिलांनी तो लॅपटॉप ज्यूरीसमोर ठेवला. ट्विटरच्या जॅक डॉर्सींनी २०२१ मध्येच ती चूक होती म्हणून टाकलं, झुकरबर्गनी ऑगस्ट २०२४ मध्ये तसंच पत्र लिहिलं. सगळं झालं, पण केव्हा? निवडणुकीचं हे असं असतं, एरवी दुरुस्ती उशिरा आली तरी चालतं, उद्याचा पेपर असतोच, इथे ३ नोव्हेंबर उलटून गेल्यावर आलेल्या दुरुस्तीचा त्या मतदाराला काय उपयोग. म्हणून मला कोणी झुकाव कसा ओळखायचा विचारलं तर मी चूक मोजत नाही, चूक कुठल्या दिशेने झाली आणि दुरुस्त व्हायला किती वेळ लागला ते बघतो. २००४ ला सीबीएसवर डॅन रादर यांनी बुशच्या नॅशनल गार्डमधल्या नोकरीबद्दलची कागदपत्रं दाखवली ८ सप्टेंबरला, ब्लॉगवाल्यांनी काही तासांत टाइपरायटरच्या अक्षरांवरून शंका काढली, नेटवर्क मात्र बारा दिवस चिकटून बसलं आणि २० सप्टेंबरला माफी मागितली. १९७० च्या दशकातला म्हणून दाखवलेला कागद वर्डमध्ये टाइप केला की तंतोतंत जुळत होता! एवढी साधी गोष्ट खोलीतल्या कोणालाच खटकली नाही, कारण ती बातमी खरी असावी असं सगळ्यांना वाटत होतं.

आता माझ्याच बाजूच्या लोकांना न आवडणारं सांगतो. झुकाव आहे म्हणजे हुकूम सुटतो असं नाही. २०१६ चं उदाहरण घ्या, हिलरीच्या ईमेलवर टाइम्सने सहा दिवसांत पहिल्या पानावर जेवढ्या बातम्या लावल्या तेवढ्याच सगळ्या धोरणांवर मिळून निवडणुकीआधीच्या ६९ दिवसांत लावल्या होत्या, कोलंबिया जर्नलिझम रिव्ह्यूमध्ये आलेल्या अभ्यासात ही मोजणी आहे. डेमोक्रॅट्सचा खिशातला पेपर असं करेल का? आणि २०२४ ला बायडन यांच्या वयाचं. वॉल स्ट्रीट जर्नलने जूनच्या सुरुवातीला बातमी दिली की बंद दाराआड बायडन अडखळतात, तेव्हा नावानिशी बोलणारे मुख्यतः रिपब्लिकन आहेत म्हणून तिच्यावर टीकेची झोड उठली, बाकीचे बरेच जण विषयाला हात लावायला तयार नव्हते. २७ जूनला अटलांटात डिबेट झाली आणि सगळ्या देशाने बघितलं. दुसऱ्या दिवशी बायडन यांनी बाजूला व्हावं असा अग्रलेख कोणी लिहिला? न्यूयॉर्क टाइम्सनेच. म्हणजे डोळ्यांसमोर आल्यावर लिहिलं, पण ते डोळ्यांसमोर यायला टीव्हीवरची दीड तासाची डिबेट लागली, त्याआधी व्हाइट हाऊस रोज कव्हर करणारी एवढी माणसं होती. मी याला कट म्हणत नाही, मी याला कुतूहलाचा अभाव म्हणतो, आणि हे कुतूहल एकाच बाजूला कमी पडतं ही माझी तक्रार.

सप्टेंबर २०२४ ची फिलाडेल्फियातली एबीसीची डिबेटही अशीच. सूत्रसंचालकांनी ट्रम्प यांना तिथल्या तिथे अनेकदा दुरुस्त केलं, हॅरिस यांना तसं केलं नाही. ट्रम्प जास्त चुकीचं बोलले म्हणून जास्त दुरुस्त केलं असा युक्तिवाद करता येतो आणि त्यात तथ्यही आहे, स्प्रिंगफील्डमधले स्थलांतरित लोकांची कुत्री-मांजरं खातात हे त्यांचं विधान कोण विसरेल. पण शून्य? फॅक्टचेक करायचं तर दोघांचं करा, नाहीतर दोघांनाच एकमेकांचं करू द्या, मी या दुसऱ्या पर्यायाच्या बाजूचा.

सीबीएसच्या मुलाखतीचं प्रकरण मात्र मला तितकं मोठं वाटत नाही. नेतन्याहूंबद्दलच्या प्रश्नावर हॅरिस यांच्या एकाच उत्तराचे दोन वेगळे तुकडे दोन कार्यक्रमांत दाखवले गेले, म्हणून ट्रम्प यांनी १० अब्ज डॉलरचा दावा लावला. एडिटिंग रोज होतं, लांब उत्तर कापावंच लागतं. संपूर्ण मजकूर पहिल्याच दिवशी वेबसाइटवर टाकला असता तर विषय संपला असता, तो न टाकणं हा मूर्खपणा होता, गुन्हा नव्हता.

इथपर्यंतचं एका दमात: झुकाव आहे, मोठ्या संस्थांमध्ये तो डावीकडे आहे, पैशाने येत नाही, सारख्या डोक्यांमुळे येतो, आणि निवडणुकीत तो वेळेमुळे महागात पडतो.

मतं फिरतात का? इथे दोन्ही बाजू फुगवून सांगतात. १९३६ मध्ये बहुतेक दैनिकं रूझवेल्टच्या विरोधात होती, तेव्हा मालक मंडळी रिपब्लिकन असायची, आणि रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. २०१६ ला देशातल्या मोठ्या शंभर दैनिकांपैकी दोनांनीच ट्रम्प यांना पाठिंबा दिला होता, निकाल तुम्हाला माहितेय. नीट मोजलेला परिणाम जो मला पटतो तो गंमत म्हणजे उजव्या चॅनलचा आहे. डेलाविग्ना आणि कॅप्लन या दोन अर्थतज्ज्ञांनी २००७ मध्ये दाखवलं की ज्या गावांत केबलवर फॉक्स आलं तिथे १९९६ ते २००० दरम्यान रिपब्लिकन मतं ०.४ ते ०.७ टक्के बिंदूंनी वाढली. ऐकायला अगदीच किरकोळ. पण २००० ला फ्लोरिडा ५३७ मतांनी ठरलं, तेव्हा किरकोळ कशाला म्हणायचं हे निवडणूक किती अटीतटीची आहे त्यावर आहे. लॅपटॉपमुळे २०२० चा निकाल बदलला असता असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही, आणि अजिबात फरक पडला नसता म्हणणाऱ्यावरही नाही.

झुकावाने खरं नुकसान झालंय ते विश्वासाचं. गॅलपच्या १९७६ च्या पाहणीत मीडियावर बऱ्यापैकी विश्वास असणारे ७२ टक्के होते, २०२४ ला ३१ टक्के, आणि रिपब्लिकनांमध्ये १२. अर्धा देश ज्याचं ऐकतच नाही त्याने उद्या अगदी खरी, पुराव्यानिशी बातमी आणली तरी ती त्या अर्ध्या देशापर्यंत पोचत नाही. याचा फायदा आमच्या बाजूच्या लबाडांनी भरपूर घेतला. २०२० नंतर मतमोजणी यंत्रांबद्दल फॉक्सवर जे चाललं त्यापायी फॉक्सला ती यंत्रं बनवणाऱ्या डॉमिनियन कंपनीला ७८७.५ दशलक्ष डॉलर मोजावे लागले, आणि तिथे आत काय बोलत होते ते कोर्टातल्या मेसेजेसमधून बाहेर आलं, खोटं आहे हे आतल्या बऱ्याच जणांना कळत होतं पण प्रेक्षक निघून जातील ही भीती होती. टाइम्सचा झुकाव सवयीतून आला, फॉक्सचा हा धंद्यातून, आणि मी उजवा असलो तरी दुसरा मला जास्त घाणेरडा वाटतो.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नव्हती पण सांगतोच. मीडिया झुकलाय म्हणून सरकारने त्याला सरळ करावं असं आता आमच्यातले बरेच जण म्हणतात, आणि मला ते बघून कससं होतं. १९४९ पासून इथे फेअरनेस डॉक्ट्रिन होतं, रेडिओ-टीव्हीवाल्यांनी वादाच्या विषयात दोन्ही बाजू दाखवल्याच पाहिजेत असा नियम. तो १९८७ मध्ये रेगनच्या काळात गेला, काँग्रेसने त्याचा कायदा करायला घेतला तर रेगनने व्हेटो मारला. सरकारने संपादकाच्या खुर्चीत बसू नये हा तेव्हा कॉन्झर्व्हेटिव्ह मुद्दा होता, आणि तो नियम गेला म्हणून पुढच्याच वर्षी रश लिंबॉ देशभर ऐकू यायला लागले. आता २०२५ मध्ये काय झालं बघा. ब्रेंडन कार यांच्या एफसीसीने (रेडिओ-टीव्हीला लायसन्स देणारं सरकारी मंडळ) सीबीएसविरुद्धची गाडलेली तक्रार उकरून काढली, सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंटला स्कायडान्सशी मर्जर करायला त्याच एफसीसीची परवानगी हवी होती, जुलैत कंपनीने ट्रम्प यांचा तो कमकुवत दावा १६ दशलक्ष डॉलर देऊन मिटवला आणि त्याच महिन्यात मर्जरला मंजुरी मिळाली. आज आपला माणूस खुर्चीत आहे म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, उद्या तीच खुर्ची, तोच अधिकार आणि समोर फॉक्सचं लायसन्स असेल तेव्हा काय म्हणणार?

आता वाचायचं काय. मी ‘दोन्ही बाजूंचं वाचा’ असं सांगणार नाही, लोक दोन बाजूंचे ओपिनियन वाचतात आणि दुप्पट चिडतात. बातमी एपी किंवा रॉयटर्सची वाचा, मग तीच बातमी टाइम्समध्ये आणि जर्नलमध्ये कुठल्या पानावर, कितव्या परिच्छेदात आली ते बघा. जर्नलचं अग्रलेखाचं पान कट्टर उजवं आहे पण बातम्यांचा विभाग वेगळा चालतो, नवीन माणसाला हा फरक पटकन कळत नाही. मथळा वाचून राग आला तर आतला तिसरा-चौथा परिच्छेद वाचा, मथळ्यात गळलेलं वाक्य बहुतेकदा तिथे असतं. ‘सूत्रांच्या मते’ असेल तर सूत्रं किती आणि कोणत्या बाजूची हे लिहिलंय का बघा. उमेदवाराच्या भाषणावर वाद झाला की सीस्पॅनवर, म्हणजे राजकीय कार्यक्रम न कापता दाखवणाऱ्या चॅनलवर, बहुतेकदा संपूर्ण भाषण असतं, दहा मिनिटं मागचं-पुढचं ऐका. मतदानाच्या आधीच्या दोन आठवड्यांत आलेली कुठलीही स्फोटक गोष्ट, मग ती कोणाच्याही विरोधात असो, दोन दिवस मुरू द्या, व्हॉट्सअॅपवर तर अजिबात पुढे ढकलू नका, मंडळाच्या ग्रुपवर काय काय येतं ते मी बघतो.

आणि न्यू जर्सीत राहताय तर एक स्थानिक काळजीही आहे. स्टार-लेजरची छापील आवृत्ती फेब्रुवारी २०२५ ला बंद झाली, जर्सी सिटीचा जर्सी जर्नल १८६७ पासूनचा, तोही त्याच आठवड्यात गेला. व्हाइट हाऊसबद्दल दहा झुकलेल्या बातम्या तुम्हाला मिळतील, पण तुमच्या गावच्या स्कूल बोर्डाला उभे असलेले सहा जण कोण आहेत हे सांगणारी एकही मिळणार नाही, आणि तुमच्या प्रॉपर्टी टॅक्सचा सगळ्यात मोठा तुकडा बहुधा तेच बोर्ड खर्च करतं. त्यांच्या मीटिंगा सगळ्यांना खुल्या असतात, अजेंडा आधी वेबसाइटवर येतो, मत देता येत नसलं तरी जाऊन बसता येतं. टाऊनशिप कोणती ते कळवा, तिथली मीटिंग कधी असते आणि व्हिडिओ कुठे टाकतात ते शोधून सांगतो.